ब्रॉयलरचे पाय अंड्यातच घडतात: उबवणीत नेमकं काय सांभाळायचं

पिल्लू लंगडायला लागलं की आपलं पहिलं बोट फीडकडे जातं. कॅल्शियम कमी पडलं असेल, मग पाण्यातून कॅल्शियमची बाटली, ती संपली की व्हिटॅमिनची बाटली, मग कोणीतरी तिसरीच सुचवतं. मी पण दोन वर्षं हेच केलं. आणि गंमत म्हणजे लंगडी पिल्लं यायची ती प्रत्येक लॉटमध्ये नाही, एखाद्याच लॉटमध्ये यायची, फीड तेच, शेड तेच, माणसं तीच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की फरक फीडमध्ये नाहीये, पिल्लू शेडमध्ये यायच्या आधीच काहीतरी बिनसलंय. पण नाही पडला.

नवीन लोकांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांनी छोटं इनक्युबेटर घेतलंय किंवा छोटी हॅचरी टाकायच्या विचारात आहेत, आणि जे पिल्लं बाहेरून विकत आणतात त्यांनाही उपयोग होईल कारण पिल्लू हातात घेऊन काय बघायचं ते पुढे सांगितलंय. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, पायाचे सगळे प्रॉब्लेम उबवणीमुळे होत नाहीत. जात, वाढीचा वेग, फीड, शेडमध्ये अंथरलेलं तूस, उजेडाचे तास, जंतू, सगळं त्यात येतं. पण पाया अंड्यात पडतो आणि तो कच्चा राहिला तर नंतर बाटल्या ओतून तो भरून निघत नाही.

ब्रॉयलर बाहेर येतं तेव्हा साधारण ४० ते ४५ ग्रॅमचं असतं आणि ३५ दिवसांत दोन किलोच्या वर जातं, म्हणजे जवळपास ५० पट वजन त्याच दोन पायांवर. देशी पिल्लाला एवढी घाई नसते, त्याचं हाड थोडं मागे राहिलं तरी त्याला भरून काढायला वेळ मिळतो, ब्रॉयलरला तो मिळत नाही. २००८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास छापून आला होता, ५१,००० पक्षी चालवून बघितले होते, सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्षी नीट चालत नव्हते आणि ३.३ टक्क्यांना तर जवळपास चालताच येत नव्हतं. म्हणजे तुमच्या शेडमध्ये लंगडी दिसली तर तुम्ही एकटे नाही.

आधी अंड्याच्या आत काय चाललंय ते समजून घ्या

हे वाचून सोडून देऊ नका, पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

तिसऱ्या दिवशी पायाचा छोटासा कोंब फुटतो. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बोटं वेगळी दिसायला लागतात, पण तोवर आत हाड नसतं, सगळं कुर्चेचं म्हणजे मऊ असतं. सातव्या-आठव्या दिवसापासून त्या कुर्चेवर हाड चढायला सुरुवात होते. आणि चौथ्या दिवसापासूनच पिल्लू आत हलायला लागतं, ही हालचाल फार महत्त्वाची, कारण सांधा नीट घडायचा तर तो हलायलाच लागतो. प्रयोगात पिल्लाची हालचाल औषधाने थांबवली तर सांधे नीट तयारच होत नाहीत, जोडलेले राहतात. आणि ही हालचाल तापमानावर अवलंबून असते, गारठ्यात ते सुस्त पडतं.

कॅल्शियमचं बघा. सुरुवातीला पिल्लू पिवळ्या बलकातलं कॅल्शियम वापरतं, पण दहाव्या-बाराव्या दिवसानंतर ते थेट टरफलातून कॅल्शियम ओढायला लागतं, आणि बाहेर आलेल्या पिल्लाच्या अंगात जे कॅल्शियम असतं त्यातलं साधारण ८० टक्के टरफलातून आलेलं असतं. ओढतं कशातून, तर टरफलाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यातून. हा पडदा नीट पसरला नाही तर कॅल्शियम पण कमी आणि ऑक्सिजन पण कमी. पलटी का मारायची याचं अर्धं उत्तर इथे आहे. फॉस्फरस, झिंक, मँगनीज, कॉपर मात्र बलकातूनच यावं लागतं, आणि ते आईच्या खाण्यातून आलेलं असतं, मशीन ते देऊ शकत नाही.

आता पायऱ्या.

पायरी १: अंडी

जमिनीवर पडलेली, शेण लागलेली, तडा गेलेली, फार लांबुळकी किंवा गोल अंडी घेऊ नका. घाण अंडं धुवून घेतलं की झालं असं वाटतं पण त्यातले जंतू आत गेलेले असतात, आणि ते बेंबीतून, बलकाच्या पिशवीतून रक्तात जाऊन पुढे मांडीच्या हाडाच्या डोक्यात घर करतात. चार-पाच आठवड्यांनी पक्षी पंखाचा आधार घेऊन सरकायला लागतो, कापून बघितलं तर हाडाचं टोक भुसभुशीत, हातात तुटतं. अशा केसमध्ये सुरुवात कधी कधी हॅचरीतून झालेली असते आणि बिल मात्र शेडवर फाटतं.

साठवण १५ ते १८ अंशात आणि शक्यतो ७ दिवसांच्या आत. जास्त दिवस ठेवलेली अंडी उशिरा फुटतात आणि ताज्या अंड्यांबरोबर एकाच मशीनमध्ये घातली की काही पिल्लं आधी येऊन सुकत बसतात, काही मागून येतात. थंड अंडी एकदम गरम मशीनमध्ये टाकू नका, आधी काही तास साध्या खोलीत ठेवा, नाहीतर टरफलावर घाम येतो आणि त्या पाण्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात.

रुंद टोक वर. हे सगळ्यांना माहिती असतं तरी घाईत पाच-दहा उलटी जातातच. उलट्या अंड्यातलं डोकं हवेच्या पोकळीपासून लांब राहतं आणि ते पिल्लू बाहेर येताना जिवाच्या आकांताने पाय मारतं, नाहीतर येतच नाही.

पायरी २: मशीन रिकामं चालवा

निदान एक पूर्ण दिवस. आत तीन-चार ठिकाणी थर्मामीटर ठेवून बघा, वर-खाली, पंख्याजवळ, दाराजवळ. मशीनच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवू नका, तो फक्त सेन्सर जिथे लटकलाय तिथलं सांगतो. थर्मामीटर खरा आहे का हे बघायला तापाचा चांगला थर्मामीटर आणि तुमचा प्रोब दोन्ही कोमट पाण्यात एकत्र बुडवा, ३७-३८ च्या आसपास दोघांचा आकडा किती जुळतो ते बघा. अर्ध्या अंशाचा फरक निघाला तर तो कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. अर्धा अंश म्हणजे काय एवढं, असं म्हणू नका, इथे अर्ध्या अंशावरच सगळा खेळ आहे.

पायरी ३: हवेचं नाही, टरफलाचं तापमान मोजा

पूर्ण लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

मशीन ३७.५ दाखवतंय म्हणजे पिल्लू ३७.५ वर आहे असं नसतं. पहिले आठ-नऊ दिवस अंडं हवेपेक्षा किंचित गार असतं कारण आतल्या जिवाची स्वतःची उष्णता नगण्य असते, त्याला मशीनकडून ऊब लागते. मग चित्र उलटं होतं. पिल्लू मोठं होतं, स्वतः उष्णता टाकायला लागतं, आणि अठराव्या दिवसाच्या आसपास एक अंडं साधारण ०.१३ ते ०.१५ वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. एका अंड्याचं काहीच नाही, पण १,००० अंडी असतील तर तुमच्या मशीनमध्ये १३० ते १५० वॅटचा एक हीटर चालू आहे आणि त्याला बंद करायचं बटण नाही. ब्रॉयलरच्या अंड्याची उष्णता तर झपाट्याने वाढणाऱ्या जातीमुळे अजून जास्त.

टरफलाचं तापमान हवं ३७.८ अंशाच्या आसपास, म्हणजे १०० फॅरनहाइट, ३७.५ ते ३८.२ मध्ये राहिलं तरी चालतं. शेवटच्या आठवड्यात ते ३९ च्या पुढे गेलं की नुकसान सुरू. काय नुकसान, तर पिल्लू लवकर बाहेर येतं (आणि आपण खूश होतो!), पण बुटकं येतं, बलक पूर्ण वापरलेला नसतो, पोट मोठं, बेंबी उघडी, हृदय लहान, आणि मांडीचं, पोटरीचं, नळीचं हाड आखूड. डाव्या-उजव्या पायाच्या हाडात फरक पडल्याचंही अभ्यासात दिसलंय. सगळ्यात वाईट कॉम्बिनेशन म्हणजे सुरुवातीला गार आणि शेवटी गरम, आणि दुर्दैवाने एकाच सेटिंगवर २१ दिवस चालवलेल्या मशीनमध्ये आपोआप हेच होतं. वेगवेगळ्या वयाची अंडी एकाच मशीनमध्ये घालतात तिथे पण हीच भानगड, लहान अंड्यांना थोडं कमी पडतं आणि मोठ्यांना जास्त होतं.

मोजायचं कसं? कानात घालून ताप बघायचा जो इन्फ्रारेड थर्मामीटर येतो ना, तोच. कपाळावर धरायची बंदूक नको, ती आतून हिशेब करून अंगाचा ताप दाखवते, अंड्याला तो हिशेब लागू नाही. कानाच्या थर्मामीटरचं टोक अंड्याच्या पोटाला, म्हणजे सगळ्यात रुंद भागाला टेकवायचं, वर हवेच्या पोकळीवर नाही, तिथे आकडा कमी येतो. ट्रेच्या मधली अंडी घ्या, कडेची नको. एका जागेवरची निदान १० अंडी, आणि वरच्या, मधल्या, खालच्या ट्रेमधली वेगवेगळी. पटकन मोजा, दार उघडं ठेवून गप्पा मारत मोजलं तर सगळी अंडी छान ३७.८ दाखवतील, हाहा. शेवटच्या आठवड्यात एखादं अंडं बाकीच्यांपेक्षा एक-दीड अंश गार लागलं तर ते बहुतेक फोल, म्हणजे आत पिल्लूच न धरलेलं, किंवा मेलेलं आहे, त्याला सरासरीत धरू नका.

माझा किस्सा सांगतो. कपाटासारखं छोटं मशीन, डिस्प्लेवर २१ दिवस ३७.५, मी एकदम निवांत. सतराव्या दिवशी ओळखीचे एक पशुवैद्य आले, खिशातून कानाचा थर्मामीटर काढला आणि मधल्या ट्रेमधलं अंडं मोजलं, ३९.६. मी म्हटलं डॉक्टर, तुमचं मशीन बिघडलंय. ते काहीच बोलले नाहीत, दाराजवळच्या कोपऱ्यातलं अंडं मोजलं, ३८.१. एकाच मशीनमध्ये, एकाच वेळी, दीड अंशाचा फरक. मधल्या ट्रेमध्ये मी दोन ओळी जास्तीच्या कोंबल्या होत्या, हवा फिरायला जागाच नव्हती. तो लॉट विसाव्या दिवशी सकाळीच फुटायला लागला आणि मधल्या ट्रेमधल्या पिल्लांचे पाय कसे होते ते पुढे सांगतो.

सेटिंग कसं बदलायचं: फक्त एकाच वयाची अंडी असतील तर सुरुवातीला हवेचं तापमान ३८ च्या आसपास ठेवा, नवव्या-दहाव्या दिवसापासून रोज टरफल मोजत हळूहळू खाली आणा, अठराव्या दिवशी ते ३७ वर किंवा त्याच्याही खाली गेलेलं असेल. एकदम अर्धा-एक अंश खेचू नका, ०.१ किंवा ०.२ कमी करायचं, काही तास थांबायचं, परत मोजायचं. मोठ्या वयाच्या कोंबड्यांची मोठी अंडी जास्त तापतात, त्यांना मशीनमध्ये जिथे वारा चांगला लागतो तिथे ठेवा. आणि ट्रे खच्चून भरू नका, हे तर मी शिकलोच.

लाइट गेली तर काय, हा प्रश्न नवीन लोक हमखास विचारतात. पहिल्या आठवड्यात गेली तर दार बंद ठेवा, ऊब आत राहू द्या. पण चौदा-पंधरा दिवसांच्या पुढची अंडी असतील आणि पंखा बंद पडला तर दार थोडं उघडा, कारण आता अंडी स्वतःच तापतायत आणि बंद पेटीत वरचे ट्रे भाजून निघतील. लाइट गेली म्हणजे अंडी गार होणार हा समज शेवटच्या आठवड्यात चुकीचा ठरतो, आणि यात लोकांचे आख्खे लॉट गेलेत.

पायरी ४: पलटी

ऑटोमॅटिक असेल तर तासाला एकदा, दोन्ही बाजूंना ४५ अंशाच्या कोनात. ट्रे खरंच तेवढा कलतोय का हे डोळ्यांनी बघा, मोटर आवाज करत असते आणि ट्रे निम्माच कलत असतो असं चिक्कार वेळा दिसतं. हाताने करत असाल तर दिवसातून ३ किंवा ५ वेळा, विषम आकडा, म्हणजे रोज रात्री अंडं त्याच कुशीवर राहत नाही. पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. पेन-मार्कर नको.

पलटी नसेल तर पिल्लू आतल्या पडद्याला चिकटू शकतं हे सगळ्यांना माहितीय, पण त्याहून जास्त घडणारी गोष्ट म्हणजे तो रक्तवाहिन्यांचा पडदा अर्धवट पसरतो आणि पांढरा बलक वापरलाच जात नाही. पिल्लू जगतं, बाहेर पण येतं, पण उपाशी वाढलेलं असतं. पहिले दोन आठवडे पलटी चुकवून चालत नाही. अठराव्या दिवशी हॅचरमध्ये, म्हणजे शेवटचे तीन दिवस पिल्लं फुटायच्या मशीनमध्ये, टाकलं की बंद.

खुडूक बसलेली कोंबडी बघितलीय का कधी? दिवसभर चोचीने अंडी खालीवर करत असते, मधलं कडेला, कडेचं मधे. आपण मोटर लावून तेच करतो, फक्त ती कडेची अंडी मधे घेते आणि आपण घेत नाही.

पायरी ५: ओलावा

इथे आकड्यांचा गोंधळ फार होतो. सेटरमध्ये, म्हणजे पहिले अठरा दिवस अंडी असतात त्या मशीनमध्ये, ५० ते ६० टक्के, हॅचरमध्ये ६५ ते ७५, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ठीकच आहे, पण खरा हिशेब वजनाचा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं ११ ते १३ टक्के वजन कमी व्हायला पाहिजे. रिकाम्या ट्रेचं वजन आधी घ्या, मग अंड्यांसकट. समजा ३० अंडी आणि फक्त अंड्यांचं वजन १,८०० ग्रॅम, तर १२ टक्के म्हणजे २१६ ग्रॅम, अठराव्या दिवशी १,५८४ च्या आसपास यायला हवं. सहाव्या आणि बाराव्या दिवशी पण करा म्हणजे वेळेत कळतं आणि पाण्याचा ट्रे कमी-जास्त करता येतो.

याचा पायांशी काय संबंध? वजन कमी झालंच नाही तर पिल्लू आत फुगलेलं असतं, हवेची पोकळी लहान, फिरायला जागा नाही, बाहेर यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ ते दुमडलेल्या पायाचा सांधा टरफलावर रेटत बसतं. फार कमी झालं तर उलटं, पिल्लू सुकलेलं, पायाची कातडी सुरकुतलेली, त्यावरची शीर वर आलेली, आणि अशक्त पिल्लू उभंच राहत नाही.

पायरी ६: हवा आणि उजेड

थोडक्यात. पंख्याच्या जाळीवर धूळ, पिसं साचू देऊ नका. व्हेंट, म्हणजे मशीनचं हवा ये-जा करायचं भोक, पहिल्या आठवड्यात कमी उघडं चालतं, मग वाढवत न्या, शेवटी पिल्लाला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि टरफलाच्या छिद्रांतून येईल तेवढाच मिळतो, त्यात आपण बाहेरून पण कोंडला तर कसं होणार. तापमान टिकावं म्हणून व्हेंटला कापड कोंबून ठेवलेलं मी बघितलंय, करू नका. उंच डोंगराळ भागात हवा विरळ असते, ऑक्सिजन कमी आणि पाणी जास्त उडतं, तिथे वजनाचा हिशेब अजूनच काटेकोर.

उजेडाबद्दल: सेटरमध्ये १२ तास उजेड आणि १२ तास अंधार ठेवल्यावर हाडांची वाढ सतत २४ तास उजेडापेक्षा चांगली दिसल्याचे प्रयोग आहेत. पण नवीन माणसाने यात पडू नये असं माझं मत. एवढंच करा की बघायला सोपं पडतं म्हणून आतला बल्ब चोवीस तास चालू ठेवू नका. तापमान जमलं की मग असले लाड.

पायरी ७: हॅचर

अठराव्या दिवशी हलवताना पटकन आणि अलगद. हॅचरच्या ट्रेचा तळ गुळगुळीत असेल तर त्यावर खरखरीत काहीतरी अंथरा, जाळीदार मॅट, पोत असलेला कागद, काहीही ज्यात नख रुतेल. वर्तमानपत्र नको, ओलं झालं की बर्फासारखं घसरतं. पिल्लाचे पहिले काही तास घसरण्यात गेले की पाय बाजूला फाकतात आणि तसेच राहतात.

इथेही तापमान परत चढतं, पिल्लं फुटताना तर जोरात. पिल्लं चोच उघडून धापा टाकत असतील तर गरम होतंय, डिस्प्ले काहीही म्हणू दे. बाहेर आलेल्या पिल्लाचं गुदद्वाराचं तापमान ४० ते ४०.५ च्या आसपास असावं. दर दहा मिनिटाला दार उघडून बघायचा मोह आवरा. सगळी पिल्लं २४ ते ३० तासांच्या आत यायला हवीत, याहून जास्त पसरलं तर मशीनमध्ये गरम-गार जागा आहेत असं समजा आणि पायरी ३ वर परत जा. बाहेर कधी काढायची? बहुतेक कोरडी झालीत आणि शंभरातली पाचेक मानेला अजून ओलसर आहेत, तेव्हा. सगळी कापसासारखी फुलायची वाट बघत बसलात तर आधी आलेली सुकली.

टरफल फोडून मदत करू नका. माहितीय, बघवत नाही. पण ते पाय रेटून बाहेर येणं हा पण व्यायामच आहे, आणि ज्याला मदत लागली ते बहुतेक वेळा पुढे पण अडखळतंच.

पायरी ८: पिल्लू हातात घ्या

प्रत्येक ट्रेमधून २० तरी घ्या, चांगली चांगली निवडू नका, हाताला लागतील ती.

पिल्लू पाठीवर उताणं तळहातात. आधी हॉक जॉइंट बघा. आपण ज्याला कोंबडीचा गुडघा म्हणतो तो, खरं म्हणजे तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत असतो. तो सांधा नीट पिवळसर, गुळगुळीत असायला हवा. माझ्या त्या मधल्या ट्रेमधल्या पिल्लांना तिथे लाल पेनाने टिपका दिल्यासारखा डाग होता, दोन्ही पायांना, काहींच्या चोचीच्या टोकावर पण. बोटाने हलकं दाबलं की पाय आखडून घ्यायची. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये असली पिल्लं तुरळक. ते लाल टिपके म्हणजे जास्त गरम झालं किंवा ओलावा जास्त राहून बाहेर यायला झगडावं लागलं याची खूण. आणि तो डाग नुसता डाग नसतो, तिथली कातडी घासलेली असते, जंतूंना उघडं दार.

मग बेंबी: बंद, कोरडी, काळा खिळ्यासारखा ठिपका नसलेली. मग बोटं: सरळ आहेत का वळलेली. मग नळीची कातडी: तकाकी आहे का सुकलेली. मग जमिनीवर पाठीवर ठेवा, तीनेक सेकंदात उलटून उभं राहायला पाहिजे. आणि शेवटी वजन, पिल्लाचं वजन अंड्याच्या सुरुवातीच्या वजनाच्या ६७-६८ टक्के असलं की ठीक. ६२ ग्रॅमच्या अंड्याला ४२ ग्रॅमचं पिल्लू. खूप कमी म्हणजे सुकलं, खूप जास्त म्हणजे पाणी राहिलं. एक पट्टी घेऊन दोन-चार पिल्लांची चोचीच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी पण मोजा, नख धरायचं नाही. एकाच आकाराच्या अंड्यांतून आलेली पिल्लं एका ट्रेमध्ये सतत आखूड येत असतील तर तो ट्रे तापतोय.

पिल्लं विकत घेणाऱ्यांनी हेच करायचं, बॉक्स उघडल्या उघडल्या. लाल हॉकवाली पिल्लं जास्त दिसली तर फोटो काढा, हॅचरीला त्याच दिवशी कळवा, पाच आठवड्यांनी भांडून उपयोग नाही.

पाय फाकलेलं पिल्लू

पहिल्या दोन दिवसांत करायचं. मऊ चिकटपट्टी, आठाच्या आकारात, दोन्ही पायांत नैसर्गिक अंतर ठेवून, खाली खरखरीत. ब्रॉयलर इतक्या झपाट्याने वाढतं की पट्टी रोज सोडून परत बांधायला लागते, नाहीतर ती पायात रुतते. पाणी-फीड अगदी चोचीजवळ. दोन ते चार दिवसांत जमलं तर जमलं. नाही जमलं आणि ते सरकतच राहिलं तर त्याला हाल न करता मारून मोकळं करणं हेच बरं, मला ते जड जातं पण पर्याय नाही.

लंगडेपणा कधी दिसला, त्यावरून कुठे शोधायचं

पहिल्या तीन दिवसांत दिसला, लाल हॉक, फाकलेले पाय, वाकडी बोटं, तर आधी मशीन. वाकड्या बोटांत एक गडबड आहे, नुसती बाजूला वळलेली असतील तर उबवणीतलं तापमान किंवा घसरडा तळ बघा, पण मुठीसारखी आत वळून पिल्लू हॉकवर बसत असेल तर रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ कमी पडलंय, ते आईच्या किंवा पिल्लाच्या फीडमधलं.

दहा-पंधरा दिवसांनी हाड रबरासारखं वाकतंय, चोच पण मऊ लागतेय, तर मुडदूस, कॅल्शियम-फॉस्फरस-डी-३ बघा. इथे ती बाटली खरंच कामाची. हॉकवरचा स्नायूचा दोर बाजूला घसरून पाय फिरलाय तर मँगनीज, कोलीन, बायोटिन तपासा.

तीन ते पाच आठवड्यांत लंगडी वाढली तर ते मिश्रण असतं. पोटरीच्या हाडाच्या वरच्या टोकाला कुर्चा हाडात बदललीच नाही, पांढरा गोळा राहिला, किंवा मांडीच्या हाडाचं डोकं सडलं. यात वाढीचा वेग, ओलं तूस, सतत उजेड, जंतू आणि उबवणी सगळ्यांचा वाटा असतो आणि नुसतं बघून सांगता येत नाही, मेलेला ताजा पक्षी पशुवैद्यांना उघडून दाखवा. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नका, वाकलेलं हाड त्याने सरळ होत नाही.

वही ठेवा, पण ट्रेवार

लॉटवार नोंद सगळे ठेवतात आणि त्यातून काहीच कळत नाही कारण चांगला ट्रे आणि वाईट ट्रे मिळून सरासरी बरी दिसते. मी आता असं करतो: वरचा, मधला, खालचा ट्रे, प्रत्येकाच्या पिल्लांना पायात वेगळ्या रंगाची सैल रिंग, निदान २०-२० पिल्लांना, आणि रिंग वाढीप्रमाणे बदलायची. वहीत टरफलाचं तापमान ७, १२, १५, १८ दिवसांना, अठराव्या दिवसाची वजनघट, लाल हॉक किती. मग शेडमध्ये १४ आणि २८ व्या दिवशी त्या पिल्लांना एकेक करून चालवून बघायचं. ० ते ५ ची एक चाल मोजायची पद्धत १९९२ पासून वापरात आहे, ० म्हणजे झकास चाल आणि ५ म्हणजे उभंच राहता येत नाही, ३ पासून पुढे उघड लंगडतं. पक्ष्याला हाकलायचं नाही, मागून नुसतं सावकाश चालत जायचं, तो स्वतः चार पावलं टाकतो.

त्या किस्स्यातल्या लॉटनंतर मी पुढच्या वेळी मधल्या ट्रेमधल्या त्या दोन ओळी काढल्या आणि बाराव्या दिवसापासून सेटिंग थोडं थोडं खाली आणलं. मधलं अंडं सतराव्या दिवशी ३८.१ लागलं, लॉट विसाव्याऐवजी एकविसाव्या दिवशी सकाळी फुटला, आणि लाल रिंगवाली, म्हणजे मधल्या ट्रेमधली पिल्लं, अठ्ठाविसाव्या दिवशी बाकीच्यांतून ओळखायला मला खाली वाकून रिंग बघावी लागली.